देशासाठी पदर पसरून: पिंपरी ते चाकण

देशासाठी प्रार्थना करायची तर आधी पंचांची परवानगी काढावी लागते, हे मला साठी उलटल्यावर समजलं. स्वातंत्र्य मिळून दहा वर्षं होत आली होती. पुण्यातल्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत ठरलं, की जानेवारीत एक आठवडा देशाच्या आत्मिक नवजीवनासाठी मध्यस्थीच्या सभा घ्यायच्या. रोज संध्याकाळी, आमच्याच देवळात, दारं लावून.

"दारं कशाला लावायची?" मी विचारलं.

पाळकसाहेब चांगला माणूस. पण चांगली माणसं लवकर घाबरतात. ते म्हणाले, "बाई, दिवस बरे नाहीत. आपल्याबद्दल वर्तमानपत्रात काय काय छापून येतं. हे लोक परक्यांचे, यांचं चित्त तिकडे. उगीच बाहेर आवाज जायला नको."

जन्मभर मी शाळेत भूगोल शिकवला. देश केवढा आहे ते मला चांगलं ठाऊक आहे, आणि तो आमच्या देवळात मावत नाही. मी तिथेच सांगून टाकलं, की ज्या देशासाठी मागायचं त्या देशात जाऊनच मी मागणार, चालत जाणार, आणि मोठ्याने मागणार. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचांनी नको म्हटलं. माझे यजमान तेवढे म्हणाले, "जा. माझ्या भाकरीचं मी बघीन. गुडघ्यांना लावायचं तेल मात्र विसरू नकोस."

मध्यस्थी म्हणजे काय, हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. दोघांच्या भांडणात मधे पडणारा माणूस आपल्या ओळखीचा आहे. आमचं मधे पडणं देव आणि माणसं यांच्यामधलं. आमच्या मंडळीतल्या बायकांची त्यात एक रीत आहे. गुडघे टेकायचे, पदर पुढे पसरायचा, आणि काही मागण्याआधी ज्यांच्यासाठी मागायचं त्यांचे अपराध आपलेच म्हणून कबूल करायचे. दारुड्यासाठी मागायचं तर त्याच्या बाटलीला आपलाही हात लागला आहे असं धरून चालायचं. जुने संदेष्टे आपल्या लोकांसाठी असंच मागत. ऐकायला सोपं वाटतं. करून पाहावं.

वाट मी पिंपरीहून चाकणच्या अंगाची धरली, त्याला कारण होतं. चाकणजवळचं एक खेडं माझ्या आईचं गाव. त्याचं नाव लिहीत नाही, तिथे अजून माणसं नांदतात. आई महाराची. गावच्या पिण्याच्या पाण्याच्या आडाला तिला शिवता येत नसे. रिकामं मडकं घेऊन दूर बसायचं आणि कुणी वरून पाणी ओतेल तर न्यायचं. एका उन्हाळ्यात माझा थोरला भाऊ तिच्या मांडीवर तापाने फणफणत होता, आणि आडावर येणाऱ्या-जाणाऱ्या बायका तिला म्हणत राहिल्या, थांब, थांब. ती दिवस मावळेपर्यंत थांबली. मग मडकं तिथेच टाकून, पोर खांद्यावर घेऊन ती चालू लागली ती थेट पुण्याच्या मिशनच्या दारात येऊन पडली. माझा जन्म त्यानंतरचा, मिशनच्या आवारातला. मी ते गाव कधी पाहिलं नव्हतं.

मला एकच हवं होतं. त्या आडाच्या काठावर गुडघे टेकून ह्या देशासाठी मागायचं, आणि कुणी म्हणालं की तुमचा ह्या देशाशी काय संबंध, तर तिथून हलायचं नाही.

बरोबर होती राहेलवहिनी. आईच्या मांडीवरचं ते तापलेलं पोर वाचलं, मोठं झालं, सुतार झालं, आणि त्याने जिच्याशी लग्न केलं ती ही. भाऊ आता नाही. वहिनीची जीभ आणि पाय दोन्ही माझ्यापेक्षा जलद. दोघींकडे एकेक गाठोडं, त्यात बदलायचं एकेक नऊवारी लुगडं, एक तांब्या, आणि तिळाच्या वड्या. संक्रांत नुकतीच होऊन गेली होती.

पिंपरी

पिंपरीला निर्वासितांच्या बराकी आहेत. लष्करासाठी बांधलेल्या लांबच लांब खोल्या, मधे फक्त गोणपाटाचे पडदे, आणि प्रत्येक पडद्यामागे एक कुटुंब. सिंधमधून आलेले हे लोक. वाटलं होतं की इथे रडगाणं ऐकायला मिळेल. ऐकू आला लाटण्यांचा आवाज. बराकीबराकीतून बायका पापड लाटत होत्या आणि बाहेर दोऱ्यांच्या खाटांवर पापड वाळत होते.

एका म्हातारीने आम्हाला हाताला धरून बसवलं. कोण, कुठल्या, काही न विचारता आधी भाजलेला पापड आणि पाण्याचा पेला समोर ठेवला. त्यांच्याकडे आल्यागेल्याला आधी पापड-पाणी. आपल्याकडे गूळ-पाणी देतात तसंच, पण हा पापड मिऱ्यांनी असा झणझणीत की डोळ्यांत पाणी यावं. माझ्या मनात आलं, आपण पाहुण्याचं तोंड गोड करतो आणि हे लोक जाळतात. मी दोन खाल्ले.

कशासाठी निघालो आहोत ते माझ्या मोडक्या हिंदीत मी तिला सांगितलं. ती लाटणं थांबवून म्हणाली, "देस के लिए? कौन-सा देस, बेटी? मेरा देस तो उधर रह गया. घर उधर, मेरे मरद की राख भी उधर. मैं किसके लिए माँगूँ?"

भूगोलाच्या बाईला त्या प्रश्नाचं उत्तर यायला हवं होतं. शेवटी मी म्हणाले, "जिथे पापड वाळत घातलेत, त्याच्यासाठी." ती हसली. तोंडात दात थोडेच होते.

तिच्या दारातच आम्ही गुडघे टेकले. फाळणीत जे रक्त सांडलं त्याचा अपराध मी आमचाच म्हणून कबूल केला. म्हातारीला शब्द कळले नसतील, पण पसरलेला पदर कळला. तिने आपल्या ओढणीचं टोकही आमच्या पदराशेजारी धरलं.

बाहेर पडताच वहिनी फणकारली. "वन्सं, आपण कुणाला मारायला गेलो होतो हो? मी तर तेव्हा मॅटर्निटीत बाळंतपणं करत होते."

"रीतच आहे ती," मी म्हटलं.

"असेल. रीत करणाऱ्याला आपली पापं पुरली नसतील."

कारखान्याच्या दारात

तिथून जवळच औषधांचा नवा कारखाना उभा आहे. पांढऱ्याशुभ्र भिंती, बाहेर लावलेली रोपं, आणि कामावर जाणारी माणसं. कुणी साताऱ्याकडचा, कुणी कोकणातला, कुणी मराठवाड्यातला. डबा हातात आणि तोंडात चार प्रकारची मराठी. देश एका रांगेत उभा राहून आत चालला होता. मला भरून आलं. मी रस्त्याच्या कडेला फाटकासमोर गुडघे टेकले आणि पदर पसरला. वहिनी कुरकुरत शेजारी बसली.

दोन मिनिटांत पहारेकरी धावत आला. "ओ बाई, उठा! हितं बसायचं न्हाई. कुठली युनियन तुमची?"

"युनियन नाही, प्रार्थना करतोय," मी म्हटलं.

"त्ये समदे असंच म्हनत्यात. आधी भजन, मग उपोषण, मग सायब माझ्या नावानं ओरडतो. मागण्या काय तुमच्या?"

"मागण्या पुष्कळ आहेत," वहिनी म्हणाली, "पण तुमच्या सायबाच्या हातातल्या नाहीत."

तो गोंधळला. आत जाऊन आणखी एकाला घेऊन आला. त्या दुसऱ्याने आम्हाला न्याहाळून निकाल दिला, की कामावर घेतलं नाही म्हणून ह्या धरणं धरून बसल्या असाव्यात. साठीच्या दोघी! मी त्यांना म्हटलं, "भाऊ, इथे जे औषध बनतं ते गरिबाच्या पोराला मिळो, एवढंच मागतेय. त्यात तुमची हरकत असेल तर सांगा." पहारेकऱ्याने टोपी मागे सारली आणि म्हणाला, "माझी कशापायी हरकत? पर फाटक सोडून बसा, ट्रक येतोय." आम्ही फाटक सोडून बसलो आणि प्रार्थना पुरी केली. ट्रकच्या आवाजावर मात करायला मला चांगलंच ओरडावं लागलं. पाळकसाहेब असते तर त्यांना घाम फुटला असता.

भोसरी

भोसरीला मुक्काम एका माळकऱ्याच्या घरी पडला. वाटेत बैलगाडीत बसवून घेणाऱ्या त्याच्या भावाने घरी नेलं. घरची कारभारीण फार मायाळू. आमची कपाळं मोकळी पाहून तिने दोघींना विधवा ठरवलं आणि माझ्या गळ्यातली काळी पोत तिच्या लक्षात येईना. आमच्यात कुंकू लावत नाहीत, हे तिला काय माहीत! ती माझा हात धरून म्हणाली, "कवा गेलं वो मालक?"

"गेले नाहीत. घरी भाकरी थापताहेत," मी म्हटलं. त्यावर ती पदर तोंडाला लावून जी हसली, ती थांबेचना.

मग जेवण वाढलं. बाजरीची भाकरी, भाजलेल्या वांग्याचं भरीत, वर शेंगदाण्याचं कच्चं तेल, आणि चुलीतल्या निखाऱ्यावर भाजलेल्या मिरच्यांचा खर्डा. असं जेवण पुण्याला पैसे टाकून मिळत नाही. ती आग्रह करत होती आणि मी लाजत नव्हते. हात धुताना तिने सहज विचारलं, "किरिस्ताव म्हंजी, आदुगर कोन व्हता तुमी?"

हा प्रश्न आम्हाला आयुष्यभर पुरला आहे. कुणी तो पहिल्या वाक्यात विचारतो, कुणी जेवणानंतर. उत्तर चुकवायची युक्ती आमच्यातल्या प्रत्येकाकडे असते. मी ती कधीच सोडून दिली आहे.

"महार," मी म्हटलं.

तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं नाही, पण ते तिथे कसंबसं राहिलं. ती आत गेली. बाहेर आली तेव्हा हातात राख होती. "ताटं तेवढी घासून कोपऱ्यात पालथी घाला, बाई," ती हळूच म्हणाली. "सासूबाईंचं लई कडक हाय." सासूबाई आत खोकत होत्या खऱ्या.

ताटं मी घासली. वहिनी हात न लावता उभी राहिली. ताट पालथं घालून मी रीतीप्रमाणे गुडघे टेकणार, तोच ती म्हणाली, "वन्सं, आता सांगते ते ऐका. रक्त सांडलं त्याचं खापर मी घेतलं, औषधाच्या कारखान्याचंही घेतलं. पण ही शिवाशीव मी माझ्या पदरात घेणार नाही. ज्या पोराला थेंब मिळाला नाही त्याच्याबरोबर मी संसार केला. झोपेत तो पाणी पाणी करायचा, म्हातारपणीसुद्धा. आणि मी म्हणू, की आड मी बंद केला? तुम्ही म्हणा. तुमचे गुडघे, तुमचा पदर."

"परका माणूस म्हणतो, त्यांनी केलं," मी म्हटलं. "घरचा माणूस घराचं पाप आपलं म्हणतो. आपण घरचे आहोत की नाही?"

"हे त्या राखेला विचारा," वहिनी म्हणाली, आणि घोंगडी पांघरून भिंतीकडे तोंड करून झोपली. मी एकटीने पदर पसरला. शिकवणं सोपं असतं, मी आयुष्यभर तेच केलं होतं.

इंद्रायणीच्या काठाने

मोशीजवळ इंद्रायणी ओलांडली. पाणी गुडघाभर, थंडगार, तळाचे गोटे दिसावेत इतकं नितळ. माझी एक वहाण पाण्याने ओढून नेली आणि वहिनी काठावर उभी राहून तिला निरोप देत राहिली. आदल्या दिवसाचा राग तिच्या मनातून गेला नव्हता, पण माझी फजिती पाहून तिला बरं वाटलं असावं. पुढे एका शेतात हुरडा भाजत होते. त्यांनी हाक मारून बसवलं. गोवऱ्यांच्या धगीत कणसं भाजायची, तळहातावर चोळायची, फुंकर मारायची आणि गरम दाणे तोंडात. सोबत लसणाची चटणी आणि दही. इथे कुणी काही विचारलं नाही. शेतात माणसाची भूक तेवढी दिसते, गावाच्या वेशीत शिरल्यावर बाकीचं दिसायला लागतं. उरलेली वाट मी एक वहाण घालून आणि एक पाय फडक्यात गुंडाळून चालले.

चाकण

चाकणचा बाजार म्हणजे कांदा. गाड्यांवर कांदा, जमिनीवर कांद्याचे ढीग, हवेत कांदा. नाकाने कांदे सोलणारे लोक पुण्यात पुष्कळ पाहिले, इथे सगळं गाव हाताने सोलत होतं. गावाला लागून जुना भुईकोट किल्ला आहे. तट ढासळलेला, खंदकात बाभळी. ह्या तटाआडून मूठभर माणसं बलाढ्य फौजेशी झुंजली, हे मी शाळेत पोरींना कितीदा सांगितलं असेल. तटाच्या सावलीत बसून आम्ही भाकरी खाल्ली. मूठभर असणं ही काही लाजेची गोष्ट नाही, असं मी वहिनीला म्हटलं. ती म्हणाली, "मूठभर नाही, दोघी. आणि एकीला वहाण नाही."

आईचं गाव

गावात पोचलो तो सव्वीस जानेवारीचा दिवस. आधी महारवाड्यात गेलो. माझी एक मामेबहीण, भागाबाई, अजून आहे एवढं ऐकून होते. दारात वाळत घातलेल्या शेणीपलीकडून एक वाकलेली म्हातारी माझ्याकडे बघतच राहिली. मी नाव सांगायच्या आधी म्हणाली, "तू आमच्या आत्याची. नाक त्येच हाय." आणि माझ्या गळ्यात पडून रडली. मीही रडले.

आदल्या वर्षी महारवाड्याने देव्हाऱ्यातले देव नदीत सोडून बुद्धाची दीक्षा घेतली होती. भागाबाईच्या भिंतीवर त्याची तसबीर होती. मी कशाला आले ते ऐकून ती म्हणाली, "तू तुझ्या देवाला सांग, माझं काय म्हननं न्हाई. पर आड आता समद्यास्नी खुला हाय बरं का. सरकारनं कायदाच केलाय."

"मग तुम्ही तिथलं पाणी भरता?" मी विचारलं.

"न्हाई."

"का?"

"आडाला दोर न्हाई. ज्याचा त्यानं आपला दोर नि आपला पोहरा आनायचा, ही चालच हाय हितली. आमच्या पोरांनी दोनदा दोर नेला. पानी काढून कडंला ठेवला, तर माघारी येईस्तोवर कुनीतरी कापून टाकलेला. कुनी कापला? कुनीच न्हाई. आमी आपलं ओढ्यातच झिरा उकरतो."

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, अशी आपली म्हण आहे. इथे आडात भरपूर होतं. पोहराच नव्हता.

चावडीपुढे झेंडा लागला होता. शाळेची पोरं गाणं म्हणून गेली होती आणि गावची मोठी माणसं अजून तिथेच बसली होती. आड चावडीसमोरच. दगडी काठ, वर लाकडी आडवा खांब, त्याला कप्पी. बायकांच्या दोरांनी काठाच्या दगडाला बोटबोट खोल खाचा पडलेल्या. आई ज्या दगडावर बसायची तो भागाबाईने मला लांबूनच दाखवला. मी सरळ चालत गेले, आडाच्या काठाशी गुडघे टेकले आणि पदर पसरला. भागाबाई दूरच थांबली.

आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना.

पिंपरीला फुटला होता, भोसरीला फुटला होता. इथे जीभ टाळ्याला चिकटली. हा आड आम्ही बंद केला, एवढंच म्हणायचं होतं. समोर त्या खाचा दिसत होत्या. त्यातल्या एकीवरही माझ्या आईच्या हाताचा दोर घासला नव्हता. मला राग आला. आडाचा आला, गावाचा आला, देवाचाही आला, की ही असली रीत लावून दिलीस! मी का म्हणू? वाटभर वहिनीला शहाणपण शिकवत आले आणि इथे वहिनीचंच म्हणणं माझ्या घशात अडकून बसलं होतं.

वहिनी मागे उभी होती. मला वाटलं, आता टोमणा येणार. तिने गाठोडं सोडलं, आपलं लुगडं काढलं, माझ्या गाठोड्यातलं माझं लुगडं काढलं, आणि दोन्हींची टोकं एकमेकांना बांधली. बाळंतपणं करून करून हात असे, की गाठ बसली ती बसली. दुसऱ्या टोकाला तांब्याचा गळा आवळला.

"तुम्ही मागा वन्सं," ती म्हणाली. "मी तोवर पाणी काढते."

ते लुगडं कप्पीवरून घसरत खाली जाताना मी पाहिलं आणि माझा आवाज सुटला. मी मोठ्याने म्हणाले, "प्रभो, हा आड आम्ही बंद ठेवला. तहानलेल्या आईला आम्ही थांब म्हटलं. कायदा आला तरी आम्ही दोर कापले. आम्हाला क्षमा कर, आणि ह्या देशाला नवं कर. झेंडा लावून झालाय, आता माणसं नवी कर."

चावडीवरून पाटील उठून आले. वयस्क, मिशा पांढऱ्या, अंगात नवा कोट. "ओ बाई! झेंड्याच्या दिवशी आमच्या गावाची नालस्ती करता? कोन तुमी? कुनी धाडलं तुमास्नी? कंच्या देशाच्या लोकांनी?"

हा प्रश्न येणार हे मला पुण्यापासून माहीत होतं. मी उठले नाही. गुडघ्यांवरूनच म्हटलं, "मला कुणी धाडलं नाही. पंचांनी तर नको म्हटलं होतं. माझी आई ह्या गावची, त्या दगडावर बसायची. तुमच्या गावाची नाही, मी माझ्या गावाची पापं सांगतेय. परक्या गावाची पापं कुणी गुडघे टेकून सांगतं का? हे गाव माझं नाही असं तुमचं म्हणणं असेल, तर ह्या पापातही माझा वाटा नाही. मग सगळं पाप तुम्हीच एकट्याने घ्या, आणि मी उठते. बोला, काय ठरलं?"

पाटलांना हे अवघड गेलं. मागून कुणीतरी हसलं. ते म्हणाले, "कायद्यानं आड खुला हाय. घ्या की पानी. कोन अडवतंय?"

"तर मग तुमचा दोर द्या," वहिनी म्हणाली.

कुणी हललं नाही. चावडीच्या खांबाला तीन-चार दोर टांगलेले होते, ते सगळ्यांना दिसत होते. पाटील झेंड्याकडे बघत उभे राहिले.

"राहू द्या," वहिनी म्हणाली. "आमचं पोचलं."

तांब्या दगडावर आपटला, एकदा रिकामाच वर आला. दुसऱ्यांदा तिने लुगड्याला झोला दिला आणि तो बुडाल्याचा आवाज आला. वर आला तेव्हा अर्धाच भरलेला होता, आणि लुगड्यातून धारा लागल्या होत्या. मी पाणी प्यायले. चव आपल्या पाण्यासारखीच. वहिनीने तांब्या लगेच तोंडाला लावला नाही. तिने ओंजळभर पाणी घेतलं आणि आईच्या दगडावर ओतलं, मग घोटभर प्यायली. उरलेल्या पाण्याचा तांब्या मी चावडीच्या दिशेने पुढे धरला. कोणी घेतलं नाही. मी धरून उभी राहिले, हात भरून येईपर्यंत. तरी कोणी घेतलं नाही. जे झालं ते सांगते, खोटं गोड लिहिणार नाही.

तेवढ्यात भागाबाई काठी टेकत आडाशी आली. सगळा गाव बघत होता. तिने पाणी मागितलं नाही. दोन्ही हात काठाच्या दगडावर ठेवून ती आत वाकली, आणि बराच वेळ वाकूनच राहिली.

"हितं जल्मले, हितंच म्हातारी झाले," ती म्हणाली. "आत काय हाय, आज बघतीया." मग माझ्याकडे मान वळवली. "लई खोल हाय गं."

मी आमेन म्हटलं. वहिनीनेही म्हटलं, सगळ्या वाटेत पहिल्यांदा माझ्याआधी. निघताना मी लुगडं सोडायला लागले तर तिने माझा हात धरला. "राहू द्या तिथेच. कापणाऱ्याला कापू दे. निदान बायकांचं लुगडं कापलं हे गावात दिसेल."

पुणे

परत आलो तेव्हा यजमानांनी आधी माझे गुडघे पाहिले, मग एकच वहाण, मग रिकामं गाठोडं. आणि पाणी तापवायला ठेवलं.

पंधरवड्यानंतर भागाबाईचा मुलगा पिंपरीच्या कारखान्यात काम मिळतं का बघायला आला, तेव्हा आमच्याकडे उतरला. त्याने सांगितलं, की लुगडी आठवडाभर टिकली. त्या आठवड्यात महारवाड्यातल्या बायकांनी रोज आडाचं पाणी भरलं, एकदा तर पाटलांच्या धाकट्या सुनेनेही घाईत त्याच लुगड्याने कळशी काढली, तिचा दोर तुटला होता म्हणे. मग एका सकाळी लुगडी कापलेली सापडली. तुकडे ओढ्यात. भागाबाईने ते गोळा करून धुतले आणि त्यांची गोधडी शिवली.

आता दर बुधवारी बायकांची मध्यस्थीची सभा आमच्या ओट्यावर भरते, रस्त्याला लागून, दारं सताड उघडी टाकून. वहिनीने बाजारातून अंबाडीचा वाख आणला आहे. एकजण देशासाठी मागते, बाकीच्या मांडीवर वाख घेऊन दोर वळतात. जाड वळतोय, सहज कापता येऊ नये इतका. मागच्या बुधवारी पाळकसाहेब येऊन दारात उभे राहिले. प्रार्थनेच्या वेळी हात जोडलेले असावेत असं त्यांनी हळूच सुचवलं. मी वाख वळता वळता त्यांना बसायला सांगितलं. वहिनीने त्यांच्या हातात दोराचं टोक दिलं, ओढून धरायला कुणीतरी हवंच होतं. ते धरून बसले आणि थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, अजून किती वळायचा आहे.

"पुष्कळ," वहिनी म्हणाली. "आड लई खोल आहे."